स्कोप की छर्रे? पुलगावजवळच्या एका मैदानावरचे प्रकरण

वर्धा जिल्ह्यात पुलगावपासून फार लांब नसलेल्या एका गावात एक निवृत्त हवालदार पहाटे पोरांना मैदानावर घेतात. पोलीस भरती आणि अग्निवीरची तयारी करणारी ही पोरे शेतकऱ्यांची आणि मजुरांची आहेत. फी नाही. गावात हवालदारांना सगळे मेजरच म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हणू. पोळ्याच्या वेळी गावाने मैदानासाठी वर्गणी काढली. गोळाफेकीचा गोळा, बीमचे पाइप आणि लांब उडीच्या खड्ड्याची रेती यांचा खर्च निघाल्यावर काही हजार रुपये उरले. त्या रकमेवरून मैदानात दोन गट पडले.

पोरांना मेजरच्या ०.१७७ बोअरच्या एअर रायफलवर लावायला अंतर मोजणारा डिजिटल स्कोप हवा होता. मेजरना छर्रे, कागदी टार्गेट आणि छर्रे अडवायला लोखंडी पेटी हवी होती. दिवाळीत मेजरचा पुतण्या सैन्यातून सुट्टीवर आला आणि गडचिरोलीचे, पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकातले गावचे एक जावई सासुरवाडीला आले. तेव्हा हा वाद चावडीपर्यंत गेला. मी पायदळात लहान हत्यारांचा शिक्षक होतो, म्हणून मला बोलावणे आले.

उरलेली रक्कम लहान होती, तरी हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले. एका साध्या जवानामागे जो पैसा खर्च करता येतो, तो काचेवर आणि चिपवर घालायचा की काडतुसांवर आणि सरावावर, हा प्रश्न आज मोठमोठ्या सैन्यांपुढे आहे. गावातल्या पोरांनी तोच प्रश्न आपल्या भाषेत विचारला होता. पुतण्या कोणत्या पलटणीत आहे, जावई कोणत्या पोस्टवर आहेत, हे इथे येणार नाही. त्याची गरजही नाही.

पोरांचे म्हणणे

आयटीआयला जाणारा एक पोरगा सगळ्यांच्या वतीने बोलला. "मेजर, आता अमेरिकेत स्कोपच सांगते कुठं मारायचं थे. मंग सकाऊन उठून श्वास धरून पडून रायचं कायले?"

मेजर म्हणाले, "स्कोप सांगन. पण बोट तर तुयंच हाये ना बे."

पोरगा खोटे बोलत नव्हता. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये व्होर्टेक्स या कंपनीशी एक्सएम-१५७ नावाच्या शिस्तयंत्राचा करार केला. शिस्त म्हणजे नेम; नेम धरायला मदत करणारे ते शिस्तयंत्र. दहा वर्षांत २,५०,००० नगांपर्यंत आणि कमाल २.७ अब्ज डॉलर, असा तो करार आहे. हे यंत्र मोजक्या निशाणबाजांसाठी नाही. आघाडीवर लढणाऱ्या साध्या जवानाच्या नव्या रायफलीवर ते बसवायचे आहे. २०२४ पासून ते तुकड्यांना मिळू लागले. पोरांनी मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ पाहिले होते.

हे यंत्र करते काय, ते चावडीवर आधी नीट सांगावे लागले, कारण 'स्मार्ट' म्हटले की यंत्र आपोआप शत्रूला शोधून मारते असे अर्ध्या लोकांच्या मनात होते. साध्या स्कोपमध्ये भिंग असते आणि काचेवर कोरलेली खूण असते. एक्सएम-१५७ मध्ये एक ते आठ पट मोठे दाखवणारे भिंग आहेच. त्याशिवाय लेझरने अंतर मोजायची सोय, हवेचा दाब आणि तापमान टिपणारे संवेदक, होकायंत्र आणि छोटा गणकही आहे. जवान बटण दाबतो, लेझर लक्ष्यावर आपटून परत येतो, गणक त्या अंतरावर गोळी किती खाली येईल ते काढतो आणि भिंगातच नवी खूण उजळते. जवानाने ती खूण लक्ष्यावर ठेवायची. घोडा मात्र तोच ओढतो.

दुसरी जात वेगळी आहे. इस्रायलच्या स्मार्ट शूटर कंपनीचे स्मॅश हे त्यातले सगळ्यांत माहितीचे नाव. त्यात जवान लक्ष्यावर कुलूप लावतो, म्हणजे कोणाचा माग काढायचा ते यंत्राला ठरवून देतो, आणि घोडा दाबून धरतो. कॅमेरा आणि गणक लक्ष्याचा माग काढतात आणि नळी योग्य जागी आली की त्याच क्षणी गोळी सुटते. भारतीय नौदलाने २०२० मध्ये स्मॅश २००० प्लस मागवले. मागणीचे मुख्य कारण लहान ड्रोन हे होते.

पोरांना या दोन जातींतला फरक ठाऊक नव्हता. प्रकरणाचा निम्मा गोंधळ तिथेच होता.

गोळी खाली किती येते

आकड्यांशिवाय हा वाद सुटत नाही. आपल्या सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, नंतर आणखी घेतल्या. पुतण्याच्या हातात तीच असते. तिची गोळी ७.६२ × ५१ मिलिमीटरची. ही रायफल ३०० मीटरवर झिरो केली, म्हणजे तिथे गोळी नेमकी शिस्तीवर लागेल अशी जुळवली, तर २०० मीटरवर गोळी शिस्तीच्या वर लागते, पण वीतभराच्या आतच. म्हणजे ३०० मीटरपर्यंत छातीच्या मध्यावर शिस्त घेतली की गोळी माणसाच्या अंगावरच लागते. अंतर नेमके किती, हा प्रश्नच पडत नाही.

तीनशेच्या पुढे चित्र झपाट्याने बदलते. चारशेवर तीच गोळी सुमारे एक हात खाली पडते आणि पाचशेवर एक मीटरहून बरीच खाली. चारशेवर उभ्या माणसाला ती मांडीत तरी लागेल. पण कोणी धुऱ्याआड, म्हणजे बांधाआड, पडून नुसते डोके-खांदे दाखवत असेल, तर ती धुऱ्याच्या मातीत जाईल. अंतर शंभर मीटरने चुकले की नेम कितीही पक्का असला तरी गोळी वाया. उत्तम नेमबाज आणि मध्यम नेमबाज दोघेही इथे सारखेच चुकतात, कारण चूक हाताची नसून अंदाजाची असते.

म्हणून माझ्या मते स्मार्ट स्कोपची साध्या जवानाला होणारी खरी मदत एका अरुंद पट्ट्यात आहे, साधारण ३०० ते ५०० किंवा ६०० मीटर. त्याच्या आत त्याची फारशी गरज नाही. त्याच्या पुढे वारा आणि काडतुसांमधला फरक इतका वाढतो की ते काम निशाणबाजाचे होते. १९५२ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसच्या नॉर्मन हिचमन यांनी पायदळाच्या हत्यारावर एक अहवाल लिहिला. लढाईत रायफलीचा परिणामकारक वापर बहुतांशी ३०० यार्डांच्या आतच होतो, हा त्याचा गाभा. पुढे हलक्या, लहान काडतुसांच्या रायफली आल्या, त्यामागच्या विचारात या अहवालाचा वाटा आहे.

मेजरनी हे ऐकले आणि पोरांकडे पाहिले. पुतण्याने मात्र मान हलवली. "काकाजी, थे सपाट मैदानाचं झालं. आमच्याकडे दरीच्या या काठावरून त्या काठावर पाहा लागते. तिथं अंदाज चुकतेच. अन् थंडीत बोटं आकडली का मंग मोजायले डोकं ठिकाणावर रायते का?"

त्याचे म्हणणे मी गांभीर्याने घेतले. डोंगरात दोन गोष्टी आणखी बिघडतात. तिरप्या चढावर किंवा उतारावर गोळीची घसरण आडव्या अंतराप्रमाणे होते. ३० अंशांच्या उतारावर समोरचे अंतर ५०० मीटर असले, तरी हिशेब ४३० मीटरच्या आसपासचा धरावा लागतो. नाहीतर गोळी डोक्यावरून जाते. दुसरे, साडेचार हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते. गोळीला अडथळा कमी होतो आणि खाली केलेला झिरो लांबच्या अंतरावर वर मारू लागतो. जवान तिथे पोचल्यावर पुन्हा झिरो करतो, हे खरे. पण उतार, उंची, दम लागलेली छाती आणि समोरून येणारा फायर हे सगळे एकदम असताना हिशेब यंत्राने केला, तर त्यात जवानाचा कमीपणा काही नाही. ज्याच्या जिवावर बेतते त्याला ही मदत मिळावी, असे मला मनापासून वाटते.

वावरातली चाचणी

बोलण्यापेक्षा पाहून ठरवू, असे ठरले. गावातला एक पोरगा रस्त्याच्या कामावर सर्वेक्षणात आहे. त्याने हातात मावणारे, दुर्बिणीसारखे लेझर अंतरमापक आणले. सोयाबीन निघून वावर मोकळे झाले होते, तूर आणि पराटी उभी होती. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो आणि पोरांच्या हाती कागदाचे तुकडे दिले. नाल्यापलीकडचा बाभूळ, मोटारपंपाची खोली, पांधणीच्या टोकाचा विजेचा खांब आणि डुकरांच्या राखणीसाठी बांधलेला मचाण, एवढी चार ठिकाणे. प्रत्येकाने अंतर लिहायचे आणि कागद दुमडून ठेवायचा. एकमेकांचे पाहायचे नाही.

बाभूळ यंत्रावर ४३० मीटर निघाला. बहुतेक पोरांनी तीनशेच्या आसपास लिहिले होते. मेजरचा अंदाज पोरांपेक्षा बराच बरा होता, पण त्यांनीही तो जवळच धरला. विजेचा खांब होता २६० मीटरवर. तिथे बऱ्याच जणांनी चारशेच्या घरात लिहिले.

सैन्यात फासल्याचा, म्हणजे अंतराचा, अंदाज शिकवताना हेच सांगतात. मधे नाला किंवा खोलगट, न दिसणारी जमीन असली की पलीकडची वस्तू जवळ भासते. ऊन पाठीमागून असले तरी तसेच होते. पांधणीसारख्या चिंचोळ्या वाटेतून पाहिले की वस्तू लांब वाटते, आणि जमिनीवर पालथे पडून पाहिले तरी तसेच. पोरांनी नियम न शिकता नियमाप्रमाणेच चुका केल्या. मेजरनी तिथेच शंभर-शंभर मीटरचे टप्पे मनात टाकायला शिकवले. आधी मध्य धरायचा, मग मध्याचा मध्य. दुसऱ्या फेरीत चुका कमी झाल्या. पण नाल्याच्या पलीकडे त्या पुन्हा वाढल्या, कारण टप्पे टाकायला मधली जमीनच दिसत नव्हती.

पोरगा म्हणाला, "पाहा, यंत्राले एक सेकंद लागला." ते खरेच होते. एका सेकंदाचे हे काम माणसाला वर्षभर सराव करूनही तितके नेमके जमत नाही. मेजर काही बोलले नाहीत. चाचणी तिथेच संपली असती, तर मी पोरांच्या बाजूने मत दिले असते.

मग पंपाच्या खोलीची पाळी आली. यंत्राने ६२ मीटर दाखवले. खोली कुठेही साडेतीनशेच्या आत नव्हती. पोरगा गोंधळला. पुन्हा दाबले, पुन्हा साठच्या आसपास. धुऱ्याच्या कडेला तुरीचा एक फाटा वाऱ्याने हलत होता आणि लेझर त्यावरच आपटून परत येत होता. दोन पावले सरकून पाहिले तेव्हा बरोबर आकडा आला. ज्याला अंतराचा काहीच अंदाज नाही तो ६२ मानून गोळी झाडेल. ज्याला कच्चा का होईना अंदाज आहे, तो म्हणेल की हे शक्य नाही, पुन्हा मोज.

त्या एका आकड्याने चावडीवरच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त काम केले. यंत्राचा आकडा तपासायला माणसाच्या डोळ्यात दुसरा आकडा असावा लागतो. अंतरमापक आला म्हणून अंदाजाचा सराव बंद केला, तर यंत्र चुकल्याचे कळायचा मार्गच बंद होतो.

वाऱ्याचेही तेच. बाजूने ताशी १५ किलोमीटरचा वारा असला, तर चारशे मीटरवर ही गोळी हातभर सरकू शकते. स्कोप आपल्या जागेवरची हवा मोजतो. गोळी जिथून जाणार त्या सगळ्या वाटेवर वारा कसा आहे, हे जवानाच्या हातातली यंत्रे मोजत नाहीत. गवत, धूर, उन्हात तरळणारी हवा पाहून तो माणसालाच ओळखावा लागतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथल्या दुपारी भिंगातून पाहिले की सगळे लक्ष्यच हलताना दिसते. त्यावर कोणत्याही भिंगाचा इलाज नाही.

शेवटी मेजरनी पोरांना सोळाशे मीटर पळवले आणि लगेच दहा मीटरवर एअर रायफल मारायला लावली. बसून मारलेले छर्रे ज्या कागदावर रुपयाएवढ्या जागेत पडत होते, त्याच कागदावर आता ते तळहाताएवढे पसरले. दहा मीटरवर अंतर मोजून काय मिळणार? तिथली चूक श्वासाची आणि बोटाची होती, आणि कमी झाली ती पुन्हा पुन्हा मारल्यावरच.

जवाईबापूंचे जंगल

सी-६० हे गडचिरोली पोलिसांचे पथक १९९० मध्ये उभे राहिले. स्थानिक तरुणांचे, ज्यांना जंगल आणि गोंडी-माडिया बोली ठाऊक आहेत अशांचे. आमचे जवाईबापू कमी बोलतात. सगळे ऐकून झाल्यावर ते मेजरना म्हणाले, "मामाजी, आमच्याकडे चारशे मीटर दिसतच नाही."

पावसाळ्यात बांबूच्या रांजीत समोरचा माणूस तीस-चाळीस पावलांवरही दिसत नाही. तिथे अंतरमापकाचा लेझर तुरीच्या एका फाट्याऐवजी हजार पानांवर आपटेल. उष्णता दाखवणारा कॅमेरा रात्री मोकळ्यावर उत्तम चालतो, पण पानांच्या भिंतीआड तोही आंधळा. जवाईबापूंच्या कामात समोरचा दिसणे आणि गोळी चालणे यांत क्षणाचाही अवकाश नसतो. त्यांना हवे होते ते असे: दोन्ही डोळे उघडे ठेवून शिस्तयंत्राच्या काचेत पटकन दिसणारा लाल ठिपका, हलकी रायफल आणि भिजल्यावरही न बिघडणारे सामान. आठ पट मोठे दाखवणारे भिंग जंगलात डोळ्यासमोर धरले तर पानच मोठे दिसेल, असे ते म्हणाले.

एकाच घरच्या दिवाळीत बसलेले दोन जवान, एक दरीच्या काठावरचा आणि एक बांबूतला. दोघांच्याही हातात रायफल, दोघेही 'साधे जवान'. एकाला जे यंत्र जीव वाचवणारे, ते दुसऱ्याला ओझे. 'प्रत्येक जवानाला स्मार्ट स्कोप' या घोषणेत हा फरक पुसला जातो. खरेदीचे निर्णय घेणाऱ्यांनी तो पुसू नये.

ड्रोन आल्यावर काय

इथवर ऐकून मेजरची बाजू जड वाटेल. पण एका बाबतीत पोरांचे म्हणणे मेजरपेक्षा काळाच्या जास्त जवळ होते.

दोनशे मीटरवरून एक ड्रोन सेकंदाला १५ मीटरच्या वेगाने आडवा जातो आहे असे धरू. गोळीला तिथे पोचायला पाव सेकंदाहून किंचित जास्त लागते. तेवढ्यात ड्रोन चार मीटर पुढे जातो. गोफणीने उडते पाखरू टिपणारा राखणदार दगड पाखराच्या पुढे टाकतो, तशी गोळी चार मीटर पुढच्या रिकाम्या आकाशात मारावी लागते. लक्ष्य ताटाएवढे. वेग आणि दिशा क्षणाक्षणाला बदलणारी. हे काम साध्या शिस्तीने, सरावाच्या जोरावर, प्रत्येक जवानाकडून होईल अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. इथे माग काढणारे आणि गोळीचा क्षण ठरवणारे यंत्र खरोखर नवी ताकद देते. ब्रिटिश सैन्याने २०२३ मध्ये २२५ स्मॅश यंत्रे ४६ लाख पौंडांना घेतली, तीही याच कामासाठी. सरळ भागाकार केला, तर एकाला वीस हजार पौंडांहून जास्त पडतात. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर पाकिस्तानकडून मोठ्या संख्येने ड्रोन आले, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही दूरचा राहिला नाही.

मेजरनी हे मान्य केले, पण लगेच विचारले, "दहा माणसांच्या सेक्शनमंदी असे किती देशान?" तोच खरा प्रश्न.

भरवसा आणि किंमत

टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने २०१३ च्या सुमारास लक्ष्यावर खूण लावली की बाकी सगळे स्वतः जुळवणारी रायफल बाजारात आणली. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. नवख्यानेही पहिल्याच दिवशी लांबचे लक्ष्य टिपावे, ही जाहिरात होती, आणि ती बरीचशी खरी होती. वाऱ्याचा आकडा मात्र मारणाऱ्याने स्वतः भरायचा होता. २०१५ मध्ये रूना सँडविक आणि मायकेल ऑगर या दोन संशोधकांनी त्या स्कोपच्या वायफायमधून आत शिरून गणकातले आकडे बदलून दाखवले. मारणाऱ्याला काहीच कळले नाही आणि गोळी शेजारच्या टार्गेटवर लागली. बाहेरून गोळी सोडणे त्यांना जमले नाही, कारण घोडा माणसाच्या बोटाखालीच होता. युद्धात लढणाऱ्या माणसाच्या शिस्तीत परक्याचा हात शिरू शकतो, हे कळल्यावर मी तरी अशा यंत्रात वायरलेस बंद करायची पक्की कळ असल्याशिवाय ते हाती घेणार नाही.

एक्सएम-१५७ बद्दल अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाने २०२४ च्या वार्षिक अहवालात नोंदवले, की सैनिकांनी त्याच्या वापरसुलभतेला सरासरीखालचे, नापास म्हणावे असे गुण दिले, आणि ७२ तासांची युद्धमोहीम मोठ्या बिघाडाशिवाय पार पडण्याची शक्यता कमी आढळली. पोरांना हा भाग व्हिडिओत कोणी दाखवला नव्हता. बॅटरी संपली तर त्यात काचेवर कोरलेली खूण उरते, आणि जवान तिच्यावर लढू शकतो. पण त्या खुणेवर लढायचे तर पुन्हा मेजरचाच धडा लागतो.

साध्या भिंगाचा इतिहास याउलट आहे. ब्रिटिश पायदळाने १९८५ पासून एसए-८० रायफलीवर चारपट भिंगाचा सुसॅट साध्या जवानाला दिला. त्यात बॅटरी लागत नव्हती, हिशेब नव्हता. तरी जवानाला लक्ष्य नीट दिसू लागले, कोण हत्यारबंद आणि कोण नाही हे ओळखता येऊ लागले. ते ओळखणे गोळी लागण्याइतकेच मोलाचे आहे. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सिग-७१६ साठी रात्रीच्या शिस्तयंत्रांचा ६५९.४७ कोटी रुपयांचा करार केला. चांदण्यांच्या उजेडातही पाचशे मीटरपर्यंत लक्ष्य घेता यावे, ही त्यामागची अपेक्षा. मला हा क्रम बरोबर वाटतो. आधी दिसणे, मग मोजणे, मग कुलूप लावणे.

काय ठरले

वर्गणीच्या पैशांतून स्कोप घेतला नाही. त्याचे एक तांत्रिक कारण चावडीत सगळ्यांना पटले. मेजरची रायफल स्प्रिंगची आहे. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो, आणि साध्या रायफलीसाठी बनवलेले स्कोप त्याने लवकर निकामी होतात. आधी लावलेल्या एका स्वस्त स्कोपची शिस्त अशीच रोज सरकत होती. नाजूक डिजिटल वस्तू तिच्यावर टिकली नसती. छर्रे, कागदी टार्गेट आणि पेटी घेतली.

पोरांची मागणी मात्र सोडून दिली नाही. रस्त्याच्या कामावरचा पोरगा गावी येतो तेव्हा अंतरमापक आणतो. त्या दिवशी पहाटेच्या धावण्यानंतर धुऱ्यावर अंदाजाचा तास होतो. आधी कागदावर लिहायचे, मग यंत्राने तपासायचे, आणि यंत्राचा आकडा विचित्र वाटला तर का, ते शोधायचे. भरतीत याचे गुण नाहीत. पोलीस भरतीत सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, अग्निवीरला धावणे, बीम, खड्डा. तरीही पोरे थांबतात.

सेक्शनबद्दल मेजरनी विचारले होते, त्यावर मी माझे मत दिले आणि ते इथेही लिहितो. प्रत्येकाला दणकट, बॅटरीशिवाय चालणारे साधे भिंग किंवा जंगलात लाल ठिपका. डोंगरात सेक्शन कमांडर आणि एका चांगल्या नेमबाजाकडे लेझर आणि गणकवाला स्कोप. त्याने दोघांनी अंतर मोजावे आणि बाकीच्यांना ओरडून सांगावे. ड्रोनसाठी माग काढणारी यंत्रे दोन हातांत, आणि ती दोन माणसे पक्की ठरलेली, रोज त्यावर सराव करणारी. आणि या खरेदीसाठी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून येणाऱ्या सरावाच्या काडतुसांतले एकही कमी होऊ नये.

पुतण्याला पहिले दोन मुद्दे पटले. तिसऱ्यावर तो अडून राहिला. ठरलेली दोन माणसे पहिल्याच फायरमध्ये पडली तर यंत्र दुसऱ्याच्या हातात जाईल, म्हणून सगळ्यांनाच ते शिकवले पाहिजे, असे तो म्हणाला. शिकवायला वेळ कुठून आणायचा, यावर आमचे एकमत झाले नाही. त्याची गाडी वर्ध्याहून होती. निघताना त्याने अंदाजाच्या तासाचे कागद मागून घेतले. आपल्या सेक्शनमध्ये दरीपलीकडे हीच चाचणी घ्यायची आहे, असे तो म्हणाला.